डाव्या पायाचा हंगाम

कापूस घरात यायला लागला की माझा डावा पाय दुखतो. डॉक्टर म्हणतो, वय झालं. मी विचारलं, "वय काय एकट्या डाव्या पायाचं झालं? उजवा त्याच्यासोबतच जन्मला, तो तर गुमान आहे." डॉक्टर माझ्या मुलाकडे पाहून हसला. शिकलेल्या माणसाजवळ उत्तर नसलं की तो दुसऱ्याकडे पाहून हसतो. मी तिसरीतून शाळा सोडली, पण एवढं मला कळतं.

परवा नातू नवी मोटार घेऊन आला. मला पुढं बसवलं, पट्टा बांधला, जसा काही मी पळून जाणार होतो. म्हणाला, "आजोबा, हिच्यात क्लचच नाही. गिअर आपोआप पडतात. डाव्या पायाला काही कामच नाही." मी किलच म्हणतो, तो क्लच म्हणा म्हणतो. ज्यानं आयुष्यभर दाबला त्यानं नाव ठेवावं. ज्यानं दाबलाच नाही त्यानं मला शिकवू नये.

जिनिंग कारखान्याच्या रस्त्याला कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. दोन्ही बाजूंच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकलेले. जुन्या काळी बैलबंड्यांच्या रांगा लागत तेव्हाही बाभळी असाच आपला वाटा काढून घेत. समोरचा ट्रॅक्टर थांबला, नातवानं मोटार थांबवली आणि माझा डावा पाय आपोआप खाली गेला. पायाखाली काहीच नव्हतं. पायरी आहे समजून पाय टाकावा अन् पायरी नसावी, तसं काळीज हललं. नातू म्हणाला, "काय झालं आजोबा?" मी म्हटलं, "काही नाही. तुझी गाडी अपंग आहे."

बंड्यांच्या रांगांचा तो हंगाम मला मोटारीच्या आतून आठवतो. महाराष्ट्र नवा नवा झाला होता. मी अमरावतीच्या एका कापसाच्या शेठजींकडे डायवर लागलो होतो. शेठजींचं घर अमरावतीत, धंदा अकोल्यात. हंगामात रोज सकाळी अकोला, रोज संध्याकाळी परत. मोटार विलायती, हिरवी, तीन मालकांच्या हाताखालून आलेली. चौथ्या मालकाला ती घाबरत नसे, आणि मला तर अजिबात नाही. थंडीत तिला आधी हँडल मारून उठवावं लागे. ती उठेपर्यंत मी घामाघूम आणि शेठजी शालीत.

आजच्या पोरांना वाटतं, मोटार चालवणं म्हणजे बसणं. त्या मोटारीत बसायला सवड कोणाला होती? डावा पाय किलचवर. डावा हात गेरावर. गेराच्या दांड्याची मूठ मागच्याच कोण्या मालकाच्या वेळी हरवलेली, तिथं बायकोनं लुगड्याची चिंधी बांधून दिली होती, नाही तर पहाटेचं ते गार लोखंड तळव्याला चिकटे. उजव्या हातात चाक, आणि वळायचं असलं की तोच हात बाहेर काढून दाखवायचा. भोंगा रबरी, तो कोणत्या हातानं दाबायचा हे मोटार बनवणाऱ्या साहेबानं सांगितलं नव्हतं. तिसरा गेर टाकला की थोड्या वेळानं तो आपणहून निघून येई, सासरहून माहेरी आल्यासारखा. म्हणून त्याला डाव्या गुडघ्यानं दाबून धरावं लागे. त्याच वेळी त्याच पायानं किलच दाबायची पाळी आली, तर तुम्हीच सांगा काय करावं. देवाला चार हात कशाला, हे मला त्या हंगामात कळलं. देव डायवर असला पाहिजे.

आणि पहिला गेर तर जातीचा हट्टी. मोटार पुरती थांबल्याशिवाय तो पडतच नसे. जबरदस्तीनं टाकायला गेलं की असा करकरे की रस्त्याच्या कडेची शेळी दोर तोडून पळे. मग किलच दाबा, गेर मोकळा करा, किलच सोडा, इंजिनाला थोडं ओरडू द्या, पुन्हा किलच दाबा. एका गेरासाठी दोनदा. हे सगळं शेठजींना गचका न बसता झालं पाहिजे. शेठजी मागं मांडीवर पानदान घेऊन बसत. गचका बसला की चुना धोतरावर सांडे आणि मागून आवाज येई, "डायवर, धीरे." शेठजी रागावत नसत. नुसतं 'धीरे' म्हणत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता रस्त्याचं सांगतो. हंगामात पहाटेपासून बंड्या निघत. उंच भरलेल्या, पांढऱ्या, रस्त्यात मधोमध. बंडी हाकणारा धुरकरी वर कापसात गाढ झोपलेला. बैलांना जिनिंगचा रस्ता ठाऊक असे, भोंग्याचा अर्थ ठाऊक नसे. भोंगा वाजवला की बैल मान वळवून पाहत आणि पुन्हा आपल्या चालीनं चालू लागत. एखाद्यानं माझ्यासाठी रस्ता सोडला, असं मला आठवत नाही. बंडी चालली की मी चालायचं, थांबली की थांबायचं. किलच दाब, पहिला गेर, किलच सोड, चार हात पुढं, किलच दाब. बैलाच्या मागं मोटार म्हणजे म्हाताऱ्या सासूच्या मागं नवी सून. तोऱ्यात चालायची सोय नाही.

संध्याकाळी घरी आलो की डावी पोटरी दगडासारखी. रात्री झोपेतही पाय किलच दाबे. बायको एका सकाळी म्हणाली, "काहून जी, रात्रभर कोनाची मोटार चालवून राह्यले होते? मले तीनदा गेरात टाकलं तुमी." दुसऱ्या दिवसापासून तिनं मधे ज्वारीचं पोतं ठेवलं.

चपलांची तर वेगळीच कथा. डावी चप्पल चवड्याखाली झिजून चाळणी होई आणि उजवी नवरीसारखी नवीकोरी राही. इर्विन चौकाच्या बाजूला बसणारा मोची एकदा म्हणाला, "भाऊ, एकाच पायानं चालता का तुमी?" एकटी डावी काही तो विकेना, त्यामुळं प्रत्येक वेळी जोडी घ्यावी लागे आणि खाटेखाली उजव्या चपलांची रास वाढे. बायको म्हणे, "या उजव्यांचं काय लोनचं घालू?" शेवटी त्या उजव्या माझ्या बापानं नेल्या.

बापाचं सांगायला पाहिजे. आमचं गाव मूर्तिजापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. घरची काळी जमीन, घरची बंडी, बैलांची एक जोडी आणि एकुलता एक मुलगा, तो मी. मी मोटारीवर लागलो हे बापाला पसंत नव्हतं. "मोटारीले रोज सांगा लागते चाल म्हून," तो म्हणे. "बैलाले एक डाव सांगतलं की जलमभर पुरते." चपला मात्र त्यानं पाहिल्याबरोबर उचलल्या. मी म्हटलं, "बाबा, दोन्ही उजव्या आहेत." तो म्हणाला, "चामडं चांगलं आहे. पायाले काय समजते डावं-उजवं?" आणि त्या दिवसापासून तो दोन्ही पायांत उजव्याच चपला घालून हिंडू लागला. त्याचा डावा अंगठा एका बाजूनं बाहेर लोंबे. गावातले विचारत, "काहो, दोनी पाय एकाच गावाले चालले का?" तो म्हणे, "डाव्याले उजव्याची संगत लावली. सुधरीन."

नोकरी धरली त्याच दिवशी त्यानं माझ्याशी बोली केली होती. कडुनिंबाखाली बंडीच्या चाकाला वंगण लावत होता. आमच्याकडे वंगण म्हणजे एरंडीच्या तेलात कालवलेली काजळी. ते बांबूच्या नळ्यात भरून बंडीखाली टांगलेलं असतं. चाकाच्या आखानं जराही कुईं केलं की धुरकरी खाली उतरतो, नळ्यातून एक बोट काढतो आणि आखाला चाटवतो. बाप काळं बोट वर करून मला म्हणाला, "वामन्या, एक बोली करतो. या हंगामात तुया मोटारीले एक डाव जरी बैल जुतले, तं त्याच दिवशी चाबी मालकाच्या हाती देजो अन् घरी येजो. वावर वाट पाहून राह्यलं."

"अन् नाई जुतले तं?"

"तं मी पुन्ना मोटारीचं नाव काढनार नाई."

बोली साधी नव्हती. त्या काळी मोटारीला बैल जुतणं रोजचंच होतं. चिखलात रुतली, चढावर अडली, पेट्रोल संपलं की जवळच्या वावरातून जोडी आणायची, पुढं दोर बांधायचा आणि मोटार बंडीसारखी ओढत न्यायची. मोठमोठे साहेब जीपमध्ये टोपी सावरत बसलेले आणि पुढं आमच्या गावचे बैल शेपट्या उडवत चाललेले, हे मी लहानपणी पाहिलं आहे. तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या. आता ती वेळ माझ्यावर येऊ नये एवढंच माझं मागणं होतं. मोटार मला आवडत होती. तिच्या सगळ्या खोडींसकट. हे मी बापाला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही, तुम्हाला आत्ता सांगतो.

दिवाळीनंतरचे दिवस जड गेले पण गेले. मग संक्रांतीच्या पुढं-मागं किलच रडायला लागला. दाबला की खालून आवाज. कुईंऽ घर्र. शेठजी म्हणाले, "डायवर, ये कौन रोता है?" मी म्हटलं, "थंडी आहे, शेठजी." पण मी धुरकऱ्याचा पोरगा. कुईंकुईं ऐकलं की मला दुसरं काही सुचतच नाही. सुट्टीच्या दिवशी गावी गेलो, बापाच्या नळ्यातलं वंगण एका डबीत भरून आणलं. मोटारीतली पायाखालची फळी काढली, खाली किलचच्या घरावर एक भोक दिसत होतं. ओतलं. हात आखडता घेतला नाही. मालकाच्या वस्तूला काटकसर कशाला?

रडणं बंद. दोन दिवस किलच असा दबे जसा लोण्यात पाय. मी शेठजींना म्हटलं, "पाहा." शेठजी म्हणाले, "शाबास." तो शब्द मी जपून ठेवला होता. तो फार दिवस टिकला नाही.

तिसऱ्या सकाळी मूर्तिजापूरच्या अलीकडचा नाला आला. तेव्हा पूल नव्हता. एका बाजूनं उतरायचं, घोटाभर पाणी ओलांडायचं, दुसऱ्या बाजूनं अरुंद चढ चढायचा. बंड्यांच्या चाकांनी पाणी वर नेऊन नेऊन चढाच्या चाकोऱ्या गुळगुळीत केल्या होत्या. पुढची बंडी वर गेली. मी पहिला गेर टाकला, किलच सोडला. इंजिन ओरडलं. मोटार जागची हलली नाही. अजून ओरडवलं. मोटार तशीच. चाकं फिरत नव्हती, रुतलीही नव्हती. इंजिनाचं आणि चाकांचं बोलणंच बंद झालं होतं, सोयरिकीत रुसल्यासारखं. आणि पायाखालच्या फळीतून धूर निघू लागला.

धूर काही नाही, पण त्याचा वास! जळक्या एरंडीचा. शेठजींच्या लहानपणी त्यांची आई त्यांना पोट साफ व्हावं म्हणून नाक दाबून एरंडीचं तेल पाजत असे. हे त्यांनीच मला पुढं सांगितलं. त्या वासानं पन्नाशीतल्या शेठजींच्या पोटाला आपलं बालपण आठवलं. त्यांनी पानदान माझ्या बाजूला टाकलं, दार उघडलं, आणि धोतर सावरत शेजारच्या तुरीच्या वावरात दिसेनासे झाले. इतक्या चपळाईनं हलताना मी त्यांना ना आधी पाहिलं ना नंतर.

मागं बंड्या थांबल्या. धुरकरी जागे झाले. एक एक जण नाक वर करून येऊ लागला. आमच्याच गावचा किसना सगळ्यात पुढं.

"अबे, हा वास कायचा?"

"बंडीच्या आखाचा!"

"बंडीचा आख जळते का कधी?" किसना माझ्या खिडकीशी आला. "वामन्या, लेका, मोटारीले वंगन पाजलं का बे?"

नाल्यात जो हशा पिकला तो अजून माझ्या कानात आहे. हसत हसत ते बाजूला झाले तेव्हा मला दिसलं, माझ्या मोटारीच्या अगदी मागं उभी असलेली बंडी आमची होती. बाप खाली उतरला. दोन उजव्या चपला पाण्यातून फटक फटक वाजवत आला. त्यानं वास घेतला.

"हे तं माया नळ्यातलं आहे."

"हाव. कुईंकुईं करत होती."

"मंग बराबर केलं," बाप म्हणाला. त्या पूर्ण हंगामात आम्हा बापलेकांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

मग त्यानं मोटारीचं मागचं चाक चपलेनं ढकलून पाहिलं. आवाज उतरवून म्हणाला, "बैल सोडू का?"

हसणारे जवळ सरकले. बोली गावाला ठाऊक होती. बंडीला जुंपलेले आमचे बैल, ढवळ्या आणि मोऱ्या, माझ्याकडे अशा ओळखीनं पाहत होते की मला त्यांचा राग आला.

"नाई."

"संध्याकाळ होईन."

"होऊ दे."

"मांगं लाइन लागली. जिनिंगवर नंबर जाईन लोकायचा."

"नाई म्हनजे नाई."

"मायवर गेला तू," बाप म्हणाला. आई नेमकं उलटं म्हणे. "मंग बस अंडे उबवत." आणि पाठ फिरवून तो मागं निघून गेला.

मी चाक धरून बसून राहिलो. खरं म्हणजे डोळ्यांपुढं चाबी दिसत होती, शेठजींच्या तळहातावर ठेवलेली. वावर दिसत होतं. नांगराचं रुमणं हातात धरलेला मी दिसत होतो, आणि रस्त्यावरून दुसराच कोणी माझी हिरवी मोटार नेतो आहे, माझ्यापेक्षा वाईट गेर टाकत.

तेवढ्यात किसनानं डोक्याचं फडकं कमरेला बांधलं. "अबे, बोली बैलाची आहे ना? मानसाची तं नाई! चला रे, लावा खांदे. नाई तं हा आपल्याले होळीपर्यंत इथंच ठेवते."

धुरकरी मोटारीमागं गेले. चाकोऱ्या निसरड्या म्हणून किसना ओरडला, "उजव्या काठानं घे, मातीत पाय रुततीन!" मी चाक वळवलं, गेर मोकळा केला. मागची काच चिखलानं आणि धुरानं आंधळी झाली होती. मागं कोण कोण आहे हे मला दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. "होऊन जाऊ द्याऽ!" मोटार हलली. थांबली. पुन्हा हलली. एकदा मागं सरकायला लागली, तेव्हा पाठीमागून कोणीतरी जिवाच्या करारानं हुंकारलं आणि ती तिथंच अडली, मग वर निघाली. तेवढा एक चढ माझा डावा पाय रिकामा होता. त्याला कसंतरीच वाटत होतं.

वर सपाटीवर येऊन मी ब्रेक ओढला, उतरून खाली पाहिलं. धुरकरी गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होते आणि धापा टाकता टाकता हसत होते. बाप आपल्या बंडीवर बसला होता. तळहातावर तंबाखू मळत, बैलांच्या शेपट्यांकडे पाहत, जगाशी आपलं काही देणंघेणं नसल्यासारखा. मी मनात म्हटलं, हरला म्हणून फुगला. फुगू दे. मी मोटारीत जाऊन बसलो. आमच्या घरात बोलून गोडवा आणायची रीत नव्हती.

सपाटीवर मोटार मुंगीच्या चालीनं मूर्तिजापूरपर्यंत गेली. शेठजी तुरीतून निघून रेल्वेनं अकोल्याला गेले. मोटारीत बसायचं नावच घेईनात. तिथल्या मिस्त्रीनं किलच खोलला आणि कपाळाला हात लावला. "अबे, किलच की पलेट सूखी रहती है! सूखी है तभी पकडती है। तूने उसको नहला दिया!" मी म्हटलं, "जिथं रगडते तिथं तेल लागतेच." तो म्हणाला, "फिर बिरेक में भी डाल देता!" डबीत उरलेलं वंगण मी ब्रेकसाठीच ठेवलं होतं. पण मी आजही म्हणतो, जे रगडतं ते कोरडं ठेवायचं ही कोणाची अक्कल? चूक बनवणाऱ्याची आहे. बाप जिवंत असता तर त्यानंही हेच म्हटलं असतं.

हंगाम सरला. बापानं बोली पाळली; मेला तोवर मोटारीचं नाव काढलं नाही. 'ते' म्हणे. "ते घेऊन आला का? ते कुठं उभं केलं?" वावर त्यानं झेपेल तोवर एकट्यानं वाहिलं, मग दुसऱ्याला बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलं. मी डायवरच राहिलो.

पण मला त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं सांगायचं होतं. किलच धुऊन पुसून कोरडा झाला होता, रडत होता, पण ओढत होता. शेठजी नाकाला अत्तराचा बोळा लावून मागं बसले होते. नाल्यावर आलो तर पुढं नेहमीसारखी बंड्यांची रांग. चढ अर्धा चढलो आणि थांबावं लागलं. किलच दाबून, ब्रेक दाबून उभा होतो. सहज उजव्या खिडकीतून खाली पाहिलं.

काठाच्या काळ्या मातीत कालचा चिखल थंडीनं सुकून घट्ट झाला होता. बंड्या चाकोरीतून गेल्या होत्या, इकडं कोणी आलंच नव्हतं. माझ्या टायरची नक्षी जशीच्या तशी होती. तिच्या मागं पावलं. अनवाणी पावलं, फताडी, बोटं फाकलेली, एकात एक मिसळलेली. आणि अगदी मधोमध, जिथं मोटार मागं सरकत होती तिथं, चपलांचे दोन ठसे. चवडे वीतभर खोल गेलेले, टाचा टेकलेल्याच नाहीत.

दोन्ही ठसे उजव्या पायाचे.

पुढची बंडी हलली. वर गेली. समोरचा चढ रिकामा झाला. मागच्या धुरकऱ्यांनी ओरडायला सुरुवात केली.

"डायवर," शेठजींनी बोळा बाजूला करून विचारलं, "क्या हुआ?"

"गेर पडून नाई राह्यला, शेठजी," मी म्हटलं.

गेर पडलेला होता. मीच किलच सोडत नव्हतो.